नालीचे १८० मीटर आणि सिरोंच्याची बदली : एक प्रकरण अभ्यास

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये राज्य शासनाची आणि केंद्राची कार्यालये इतकी जवळजवळ आहेत की दुपारच्या चहाला दोन्हीकडचे कर्मचारी एकाच टपरीवर उभे असतात. महागाई भत्ता, वेतन आयोग, बदल्या हे विषयही सारखेच. पण आपल्या कार्यालयात खोटे देयक निघते आहे हे दिसले आणि ते वर कळवायचे ठरवले, की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. केंद्राच्या कर्मचाऱ्याला भारत सरकारच्या एका ठरावाचा आडोसा आहे. राज्याच्या कर्मचाऱ्याला त्या ठरावाचा काही उपयोग नाही, आणि हे त्याला बहुतेक वेळा फार उशिरा कळते.

खालचे प्रकरण हे समजावून सांगण्यासाठी रचले आहे. त्यातली माणसे, कार्यालय आणि काम कुणा एकाचे नाही. नियम, कायदे आणि न्यायालयांचे निवाडे मात्र खरे आहेत.

मार्च एंडिंग

नागपूर जिल्ह्यातल्या एका उपविभागात काम करणाऱ्या कनिष्ठ अभियंता. त्या पदावर येऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यांच्याकडे एका गावातल्या ४०० मीटर नालीचे काम होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्या मोजमापाला गेल्या तेव्हा १८० मीटर नाली झालेली होती. पुढे नुसते खोदकाम, आणि त्याच्याही पुढे तेही नाही.

त्याच संध्याकाळी उपविभागीय अभियंत्यांचा फोन आला. "मॅडम, चारशेच लिहा. एप्रिलात होऊन जाते ते काम. निधी परत गेला तर जबाबदार कोण?"

मोजमाप पुस्तिका, म्हणजे सगळे जिला एम.बी. म्हणतात ती, हा बांधकामाच्या खात्यातला सर्वात महत्त्वाचा कागद. पाने आधीच क्रमांक घातलेली असतात, नोंद शाईने करायची असते, खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर रेघ मारून शेजारी सही करायची. कंत्राटदाराला मिळणारा पैसा या नोंदीवर निघतो. खोटी नोंद झाली आणि पुढे लेखापरीक्षणात किंवा चौकशीत सापडली, तर पहिली सही ज्याची त्याची मान पहिली अडकते. फोनवर सांगणाऱ्याचा आवाज पुस्तिकेत कुठेच उमटत नाही.

बाईंनी १८० मीटरच लिहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाऊण पानाची टिपणी दिली. तिचा गाभा असा होता :

"संदर्भित कामाची प्रत्यक्ष पाहणी दि. २६ मार्च रोजी केली असता चेनेज ० ते १८० मी. पर्यंत नालीचे बांधकाम पूर्ण असल्याचे आढळून आले. त्यानुसार मोजमाप नोंदविण्यात आले आहे. उर्वरित लांबीचे मोजमाप नोंदविण्याबाबत आपण दूरध्वनीवरून दिलेल्या निर्देशांची लेखी पुष्टी व्हावी, ही विनंती."

चेनेज म्हणजे कामाच्या सुरुवातीपासून मोजलेले अंतर. या टिपणीत भ्रष्टाचार हा शब्द नाही, कुणावर आरोप नाही, कंत्राटदाराचे नावही नाही. काय दिसले, काय लिहिले आणि काय तोंडी सांगितले गेले, एवढेच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला तिसरा नियम कर्मचाऱ्याला हेच सांगतो : वरिष्ठाच्या निर्देशानुसार काम करायचे असेल तर तो निर्देश लेखी घ्यावा, लगेच शक्य नसेल तर नंतर लवकरात लवकर लेखी पुष्टी घ्यावी. २०१३ साली टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी आदेशांवर कारभार चालवण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले आणि असे आदेश नोंदवून ठेवायला सांगितले. म्हणजे लेखी मागणे हा उद्धटपणा ठरत नाही. ते कर्तव्य आहे, आणि मागणाऱ्याचा तो हक्कही आहे.

आवक लिपिकाने टिपणीवर शिक्का मारायला टाळाटाळ केली. "कायले अंगावर घेता मॅडम, साहेबांना विचारून घ्या ना एकदा." बाईंनी वाद घातला नाही. तीच टिपणी त्यांनी कार्यालयीन ई-मेलवरून उपविभागीय अभियंत्यांना पाठवली आणि प्रत कार्यकारी अभियंत्यांना दिली. या प्रकरणात बाईंच्या हातून झालेले सर्वात मोलाचे काम हेच, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे जे काही वाचले ते या ई-मेलच्या तारखेमुळे.

लेखी पुष्टी आली नाही. पुस्तिका त्यांच्याकडून मागवून घेतली गेली, उरलेल्या २२० मीटरची नोंद दुसऱ्या शाखेच्या अभियंत्याने केली आणि ३१ मार्चला देयक निघाले.

भावाने सांगितलेले पाकीट

बाईंचा धाकटा भाऊ नागपुरातच केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला. त्यांच्याकडे दरवर्षी ३१ ऑक्टोबरच्या आसपास, सरदार पटेलांच्या जयंतीच्या आठवड्यात, दक्षता जागरूकता सप्ताह होतो. शपथ घेतात, भिंतींवर पोस्टर लागतात. भाऊ म्हणाला, "ताई, आमच्याकडे पोस्टरवर स्पष्ट लिहिलं आहे. बंद पाकिटात दिल्लीला पाठवायचं, नाव कुणाला कळत नाही. तू पाठवून दे."

भाऊ सांगत होता ते त्याच्या कार्यालयापुरते अगदी बरोबर होते. त्या व्यवस्थेचा इतिहास रक्ताने लिहिलेला आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुर्भुज प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले, आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली. ते पत्र नावासकट फायलींतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांचा खून झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २१ एप्रिल २००४ ला केंद्राने जनहितार्थ माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा ठराव काढला. केंद्रीय कार्यालयांत तो इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पिडपी (PIDPI) म्हणून ओळखला जातो. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे बंद पाकिटात पाठवायची, पाकिटावर ती पिडपीखालची तक्रार असल्याचे ठळक लिहायचे. पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता पाकिटावर नको, तो आतल्या पत्रात हवा, कारण निनावी तक्रार या ठरावाखाली घेतच नाहीत. आयोग पोच देत नाही आणि पुढे पत्रव्यवहार करू नका असेही सांगतो. हे तक्रारदाराच्या भल्यासाठी आहे, नाहीतर आयोगाचे पाकीट घरी किंवा कार्यालयात आले की सगळ्यांना कळते. तक्रार केल्यामुळे कुणी छळले तर त्याच आयोगाकडे दाद मागता येते.

बाईंनी तसेच पाकीट तयार केले आणि जीपीओतून टाकले. पण हा ठराव केंद्र सरकारचे कर्मचारी आणि केंद्राच्या अखत्यारीतल्या कंपन्या, महामंडळे, संस्था यांच्यापुरता आहे. राज्याच्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार आयोगाच्या कक्षेत येत नाही. पोच येत नसतेच, त्यामुळे आपले पाकीट चुकीच्या दारात पडले आहे हे कळायलाही मार्ग नव्हता. एप्रिल, मे आणि जून असेच गेले. बाई समजत होत्या की दिल्लीत काहीतरी चालू आहे.

या तीन महिन्यांचे मला फार वाईट वाटते. माणसाने हिंमत गोळा करून पाऊल टाकले आणि ते पोकळीत पडले. केंद्राच्या कार्यालयात पोस्टर लागते, पण राज्याच्या कार्यालयात "तुमच्यासाठी हा रस्ता नाही, तुमचा रस्ता तो आहे" असे सांगणारा साधा कागदही भिंतीवर नसतो. एका घरातल्या दोन भावंडांना वेगवेगळे नियम लागू आहेत, हे त्यांनी स्वतःहून ओळखावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

असलेला आणि नसलेला कायदा

मग राज्याच्या कर्मचाऱ्यासाठी कायदा केलाच नाही का? केला आहे. जागल्यांच्या, म्हणजे गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा संसदेने मंजूर केला आणि ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. त्यात केंद्राबरोबर राज्यांचे कर्मचारीही येतात. तक्रारदाराची ओळख फोडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. छळ झाल्याचा आरोप आला तर तो छळ नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कार्यालयावर टाकली आहे. या शेवटच्या तरतुदीने हजारो कर्मचाऱ्यांना बळ मिळाले असते. पण कायदा अमलात येण्याची तारीख सरकारने अधिसूचनेने ठरवायची होती, आणि ती अधिसूचना निघालेली नाही. इतक्या वर्षांत न निघणे हा मला सरळ अन्याय वाटतो. इंटरनेटवर या कायद्याची कलमे वाचून "मला संरक्षण आहे" असे धरून चालणारे कर्मचारी भेटतात, तेव्हा त्यांना आधी हेच सांगावे लागते.

महाराष्ट्रात बोलणारे अधिकारी झालेच नाहीत असे नाही. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली सिंचन प्रकल्पांतल्या गैरप्रकारांबद्दल मुख्यमंत्री आणि राज्यपालांना लिहिले, आणि विदर्भातल्या सिंचनाचा प्रश्न पुढे नागपूर खंडपीठापुढेही गाजला. पण मुख्य अभियंत्याचे पत्र आणि उपविभागातल्या कनिष्ठ अभियंत्याचे पत्र यांचे वजन सारखे नसते. खालच्या माणसाला नियमांचाच आधार घ्यावा लागतो.

फोटो

जुलैमध्ये बाईंनी एम.बी.च्या त्या पानांचा मोबाइलवर काढलेला फोटो एका विश्वासू सहकाऱ्याला पाठवला. चार दिवसांत तो कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता. कुणीतरी असेही सुचवले की हिवाळी अधिवेशनात एखाद्या आमदाराकडून तारांकित प्रश्न टाकून घ्यावा, कागद आपण पुरवू. ते त्यांनी केले नाही, आणि बरे केले. सरकारी कागद अनधिकृत माणसाच्या हाती देणे हे वर्तणूक नियमांचे उल्लंघन आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

फोटोवरून कारणे दाखवा नोटीस आलीच. नोटिशीत नालीचा उल्लेख नव्हता. कार्यालयीन दस्तऐवज समाजमाध्यमावर प्रसारित केल्याचा ठपका होता. चौकशी व्हायला हवी होती २२० मीटरची, सुरू झाली फोटोची. आणि ही संधी समोरच्याला फोटोनेच दिली. कागद बाहेर नेण्याची गरजच नव्हती. तक्रारीत पुस्तिकेचा क्रमांक, पान, नोंदीची तारीख आणि देयकाचा क्रमांक लिहिला की पुरे. मूळ पुस्तिका ताब्यात घेण्याचा अधिकार चौकशी करणाऱ्याला असतो.

"प्रशासकीय कारणास्तव"

ऑगस्टच्या मध्यात बदलीचा आदेश निघाला. ठिकाण सिरोंचा, गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिण टोक, नागपूरहून साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे. कारण दोन शब्दांत : प्रशासकीय कारणास्तव.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडे गडचिरोलीची बदली म्हणजे शिक्षा असे धरूनच बोलतात. सिरोंच्यातल्या लोकांनाही नाल्या, रस्ते आणि चांगले अभियंते हवे आहेत. तिथे नावडता कर्मचारी शिक्षा म्हणून पाठवणे हा त्या लोकांचाही अपमान आहे.

बाईंनी पहिल्या दिवशी कार्यालयात जाऊन भांडायचे ठरवले होते. त्यांना थांबवले ते एका निवृत्त कार्यालय अधीक्षकांनी. "रडू नका, रजेवरही पळू नका. आधी २००५ चा कायदा काढा." कुणाला न सांगता गैरहजर राहिले असते तर अनधिकृत गैरहजेरीचा वेगळा ठपका लागला असता, आणि तो खरा ठरला असता.

२००५ चा कायदा म्हणजे शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा महाराष्ट्राचा अधिनियम. त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा आहे. बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या. मुदतीआधी किंवा अवेळी बदली करायची तर खास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या सक्षम प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता लागते. शिवाय सुब्रमणियन निवाड्यानंतर राज्याने २०१४ मध्ये बदल्यांची शिफारस करणारी नागरी सेवा मंडळे नेमली. त्यांच्यापुढे प्रस्ताव गेला का, हाही प्रश्न विचारता येतो. बाईंची दोन वर्षेही पुरी झालेली नव्हती, आणि महिना होता ऑगस्ट.

त्यांनी त्याच दिवशी तीन अर्ज केले. एक वरिष्ठांकडे निवेदन. दुसरा माहिती अधिकारात, बदलीच्या फाइलवरील टिपण्यांच्या प्रतीसाठी. कर्मचारी असला तरी तो नागरिक असतो आणि आपल्याबद्दलच्या फाइलवर काय लिहिले गेले हे तो मागू शकतो. त्याचे उत्तर यायला ३० दिवस लागू शकतात, म्हणून तिसरे पाऊल त्याची वाट न पाहता टाकले : महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, म्हणजे मॅटच्या, नागपूर खंडपीठात मूळ अर्ज. मॅटमध्ये जाण्याची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्ष असते, पण बदलीच्या बाबतीत दिवस मोजावे लागतात. एकदा कार्यमुक्त केले आणि तुमच्या जागी दुसरा रुजू झाला की अंतरिम दिलासा मिळणे अवघड होत जाते. भावाला हीच वेळ आली असती तर त्याचे दार केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाचे असते.

शासनाच्या उत्तरासोबत फाइल समोर आली. प्रस्तावात एवढेच होते की सदर कर्मचारी सहकार्य करीत नाहीत व कार्यालयाचे वातावरण बिघडवतात. कोणते सहकार्य, कधी केले नाही, याची नोंद नाही. पूर्वमान्यतेची जागा कोरी. बाईंच्या वकिलांनी सोमेश तिवारी प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा दाखवला : शिक्षेच्या ऐवजी म्हणून केलेली बदली बेकायदेशीर असते. आणि मग २७ मार्चचा तो ई-मेल दाखल केला.

बदली रद्द झाली. पण आदेश वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. त्यात नालीबद्दल अवाक्षर नाही. बाईंनी खोटी नोंद नाकारली म्हणून त्यांना संरक्षण मिळाले असे कुठेही म्हटलेले नाही. त्या जिंकल्या त्या मुदत पुरी झाली नव्हती, कारणे नोंदवली नव्हती आणि मान्यता घेतली नव्हती म्हणून. आज राज्याच्या कर्मचाऱ्याला जे संरक्षण आहे ते असे साध्या सेवा नियमांतून मिळते, आणि ते मिळवायला त्याच्याकडे तारीखवार कागद लागतात. समोरच्याने सगळ्या मान्यता नीट घेऊन तीच बदली केली असती, तर लढाई कितीतरी कठीण झाली असती.

घरी सर्वात मोठी भीती होती निलंबनाची. ते झाले नाही, पण माहीत असावे : निलंबनात सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. अजयकुमार चौधरी प्रकरणात, २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिले नाही तर निलंबन पुढे ओढता येत नाही. राज्याने २०१९ मध्ये त्यानुसार शासन निर्णयही काढला.

दुसरी तक्रार

बदलीचे निपटल्यावर बाईंनी खरी तक्रार पुन्हा लिहिली, या वेळी राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, आणि प्रत खात्याच्या दक्षता यंत्रणेकडे. या विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक लाच मागितल्याच्या तक्रारींसाठी सगळ्यांना ठाऊक आहे, पण खोट्या देयकासारख्या प्रकरणात लेखी तक्रारच करावी. दिल्लीला पाठवलेली पहिली तक्रार पाच पानांची होती, आणि तिच्यात साहेब कसे बोलले, कोण कुणाचा माणूस, हे सारे होते. दुसरी एका पानाची. कामाचे नाव, कार्यादेश क्रमांक, पुस्तिकेचा क्रमांक व पाने, देयकाची तारीख, आणि शेवटी एक वाक्य : चेनेज १८० पासून ४०० पर्यंत जागेवर जाऊन मोजावे.

तक्रार अशीच असावी, हे मी भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तक्रारदाराला बाजूला काढले तरी ती उभी राहिली पाहिजे. जागेवर टेप धरला की खरे-खोटे होते, त्यासाठी बाईंना साक्षीला बोलवायची गरज नाही. केंद्रीय दक्षता आयोगही तक्रारदारांना हेच सांगतो की मजकूर पडताळता येईल असा नेमका असावा आणि त्यातून लिहिणाऱ्याची ओळख लागू नये. बाईंच्या बाबतीत मात्र गुप्ततेचा प्रश्न मार्चमध्येच संपला होता. ज्याने नोंद करायला उघड नकार दिला, तक्रार कुणाची हे ओळखायला त्या कार्यालयाला वेळ लागत नाही. अशा वेळी लपण्यापेक्षा नकाराची तारीख पक्की असणे जास्त कामाला येते. कारण मग नोटीस, बदली, शेरा, जे काही येते ते त्या तारखेनंतरचे असते.

विभागाने आधी गोपनीय चौकशी केली. पुढे रीतसर तपासासाठी, २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात आलेल्या कलम १७-अ प्रमाणे, शासनाची पूर्वपरवानगी मागितली आहे. प्रकरण सध्या तिथे आहे. दरम्यान, उरलेली नाली घाईघाईने बांधायला घेतल्याचे गावकरी सांगतात. त्याने मार्चची नोंद खरी होत नाही. काम कधी झाले हे सिमेंटच्या पावत्या आणि मजुरांची हजेरी सांगू शकते.

फोटोच्या नोटिशीवर बाईंनी खरे तेच लिहिले : फोटो आपण पाठवला, ग्रुपवर आपण टाकला नाही. त्यांना ठपक्याची किरकोळ शिक्षा झाली. तिच्याविरुद्ध अपील केले आहे.

आणि वर्षाच्या शेवटी गोपनीय अहवाल आला. आधीच्या वर्षी "अतिउत्कृष्ट", या वर्षी "साधारण", अभिप्रायात "वरिष्ठांशी समन्वयाचा अभाव". सूड घेण्याचा हा सर्वात कमी गाजावाजा होणारा आणि पदोन्नतीला सर्वात जास्त भोवणारा प्रकार. देव दत्त प्रकरणात, २००८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध निवेदन देता येईल. बाईंनी प्रत मागून घेतली आणि मुदतीत निवेदन दिले. त्याला पहिले जोडपत्र म्हणून २७ मार्चचा ई-मेल लावला आणि दुसरे म्हणून मॅटचा आदेश. निर्णय यायचा आहे. तीन वर्षांची मुदत मात्र येत्या एप्रिल-मेपूर्वी पुरी होते आहे, आणि त्यानंतर कायद्याप्रमाणे त्यांची बदली होऊ शकते. म्हणून अपील, निवेदन आणि तपासाचा पाठपुरावा ही तिन्ही कामे त्याआधी लेखी पोचेसह पुढे सरकवायचे त्यांनी ठरवले आहे.